थर आणि काळ : विल्यम स्मिथ यांची पद्धत आणि दख्खनचा काळा पाषाण

इंग्लंडमधील विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांना जीवाश्मविज्ञानाच्या आरंभी मानाचे स्थान दिले जाते, पण जीवाश्म त्यांनी शोधून काढले नव्हते. जीवाश्म माणसाच्या हाताशी फार पूर्वीपासून होते. मराठी घरातील देवघरात असणारा शाळिग्राम हा एक जीवाश्मच आहे. नेपाळमधील काली गंडकीच्या पात्रात सापडणारे हे काळे, गुळगुळीत गोटे म्हणजे अॅमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याचे अवशेष. हिमालय वर येण्यापूर्वी तिथे जो समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात हे प्राणी गाडले गेले. शाळिग्रामावरील चक्रे पाहून त्याचे नाव आणि पूजेतील स्थान ठरते. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किनाऱ्यावर व्हिटबी येथे असेच अॅमोनाइट सापडत. संत हिल्डा यांनी सापांचे दगड केले, अशी त्यांची कथा होती आणि विक्रेते त्यांना सापाचे तोंडही कोरत. दोन्हीकडे वस्तू जपली गेली, तिच्याविषयी आदरही होता. ती कोणत्या थरातून आली, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही. जीवाश्मांचे शास्त्र सुरू झाले ते या प्रश्नापासून.

सतराव्या शतकात वाद होता तो वेगळ्या मुद्द्यावर. दगडात दिसणारे शिंपले हे खरोखर एके काळी जिवंत प्राणी होते, की दगडानेच निसर्गशक्तीमुळे तसा आकार घेतला? डॅनिश शरीरशास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६६ मध्ये शार्कच्या डोक्याचे विच्छेदन केले आणि १६६७ मध्ये ‘जिभेचे दगड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तू शार्कचे दात असल्याचे दाखवले. १६६९ मध्ये त्यांनी थरांचा मूलभूत नियम मांडला : गाळ आडवा साचतो, म्हणून खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. लंडनमध्ये रॉबर्ट हुक यांनी अश्मीभूत लाकूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याची तुलना ताज्या लाकडाशी केली. जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीचा कालक्रम लावता येईल, ही कल्पनाही त्यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनात आहे. जॉन वुडवर्ड (१६६५–१७२८) या इंग्रज वैद्याने जीवाश्मांचा मोठा संग्रह केला आणि नमुना कुठून मिळाला याची नोंद ठेवण्याची शिस्त पाळली. तो संग्रह केंब्रिज विद्यापीठात आजही आहे. मात्र वुडवर्ड यांच्या मते बायबलमधील महाप्रलयात सगळे खडक विरघळले आणि जड वस्तू खाली, हलक्या वर अशा रीतीने जीवाश्म थरांत बसले. सगळे थर एकाच प्रलयात झाले असे धरले की खालच्या-वरच्या थरांना इतिहास उरत नाही. उत्तम नोंदी असूनही वुडवर्ड यांना जे दिसले नाही, ते शंभर वर्षांनी कालव्याच्या खोदकामावर देखरेख करणाऱ्या एका मोजणीदाराला दिसले.

स्मिथ यांचा जन्म ऑक्सफर्डशरमधील चर्चिल या खेड्यात एका लोहाराच्या घरी झाला. वडील लवकर गेले, शिक्षण गावातल्या शाळेपुरते झाले. त्या भागात समुद्री साळींदर प्राण्याचे गोल जीवाश्म शेतात मिळत आणि दूधदुभत्याच्या कामात लोणी तोलायला वजन म्हणून वापरले जात. स्मिथ यांनी लहानपणी ते हाताळले होते. पुढे जमीनमोजणी शिकून ते सॉमरसेटच्या कोळसा खाणींवर गेले आणि १७९३ पासून सॉमरसेट कोल कॅनॉलच्या कामावर लागले. खाणीत उतरताना थरांचा एक ठरावीक क्रम त्यांना दिसला होता. कालव्याच्या दोन शाखा जवळजवळच्या दोन दऱ्यांतून खोदल्या जात होत्या, त्यामुळे एका दरीत बांधलेला अंदाज दुसरीत तपासता येत होता. अडचण एकच होती. त्या प्रदेशात चिकणमातीचे आणि चुनखडकाचे अनेक थर आहेत आणि त्यांतले काही रंगाने, पोताने इतके सारखे की समोरचा थर वरचा की खालचा, हे नुसत्या खडकावरून सांगता येत नाही. चुकीचा थर ओळखला तर कालव्याचे पाणी झिरपून जाणार, किंवा कोळसा नसलेल्या जागी खाण खोदली जाणार. १७९६ च्या सुमारास स्मिथ यांच्या लक्षात आले की सारख्या दिसणाऱ्या थरांतील जीवाश्म सारखे नसतात. प्रत्येक थराचा स्वतःचा संच असतो आणि तो मैलोगणती तसाच राहतो.

या निरीक्षणाचे वजन एका प्रसंगातून नीट कळते. बेंजामिन रिचर्ड्सन या पाद्र्यांकडे जीवाश्मांचा चांगला संग्रह होता. त्यांनी तो प्राण्यांच्या प्रकारांनुसार लावला होता : शिंपले एकीकडे, अॅमोनाइट दुसरीकडे. स्मिथ यांनी ते नमुने पाहून कोणता कोणत्या थरातला हे सांगितले आणि सगळा संग्रह थरांच्या क्रमाने मांडून दाखवला. १७९९ मध्ये बाथ शहरात रिचर्ड्सन आणि दुसरे एक पाद्री जोसेफ टाउनसेंड यांच्यापुढे स्मिथ यांनी खडूच्या थरापासून कोळशापर्यंत २३ थरांची यादी तोंडी सांगितली आणि ती लिहून घेतली गेली. नमुने तेच होते, कपाटही तेच होते. फक्त मांडणी बदलली आणि संग्रहाचा इतिहास झाला. जीवाश्मविज्ञानाचा आरंभ कुठल्या एखाद्या दिवशी दाखवायचाच असेल, तर मोठ्या सांगाड्याच्या शोधापेक्षा ही फेरमांडणी अधिक योग्य ठरेल.

१८१५ मध्ये स्मिथ यांचा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध झाला. पाच मैलांना एक इंच प्रमाणाचा, पंधरा कागदांचा, जोडल्यावर अडीच मीटरहून उंच होणारा आणि हाताने रंगवलेला हा नकाशा त्यांनी स्वतः देशभर फिरून केलेल्या पाहणीवर उभा होता. १८१६ पासून जीवाश्मांवरून थर कसे ओळखावेत हे सांगणारे त्यांचे सचित्र पुस्तक भागाभागाने निघाले. पैशाच्या अडचणीत त्यांना आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला आणि १८१९ मध्ये कर्जापायी तुरुंगही भोगावा लागला. उच्चकुलीन सभासदांच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना बराच काळ दूर ठेवले. अखेर १८३१ मध्ये त्याच सोसायटीने पहिले वोलॅस्टन पदक त्यांना दिले. दरम्यान पॅरिसच्या परिसरात क्यूव्हिए आणि ब्रोंनियार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे हीच पद्धत वापरली होती. जॉन फिलिप्स हे स्मिथ यांचे भाचे, पण केवळ भाचे म्हणून नव्हे, तर शिष्य म्हणूनही त्यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी पुढे जीवाश्मांच्या आधारे पृथ्वीच्या इतिहासाचे पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव असे तीन महाकल्प रूढ केले.

या पद्धतीच्या मर्यादाही तिच्या रचनेतच आहेत. ती क्रम सांगते, वर्षे सांगत नाही. आणि ती चालते ती गाळाच्या खडकांत. ज्वालामुखीच्या तप्त रसात शिंपले टिकत नाहीत. महाराष्ट्राचा मोठा भाग नेमका अशाच खडकाचा आहे.

पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातील केडगाव आणि भीमेपलीकडचा शिरूर तालुका या प्रदेशात विहीर खणताना जे लागते ते तिथल्या शेतकऱ्याला पाठ असते. वर काळी माती, नदीकाठी गाळ आणि चुनखडी, मग मुरूम, त्याखाली छिद्रांत पांढरे खडे भरलेला मांजऱ्या, मग कठीण काळा पाषाण आणि मधेच एखादा तांबडा पट्टा. पाषाण आणि मांजऱ्या हे लाव्ह्याच्या प्रवाहांचे भाग, तर तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात कुजून तयार झालेली माती. यवतजवळ भुलेश्वराच्या डोंगराकडे पाहिले की आडवे टप्पे नजरेत भरतात. प्रत्येक टप्पा एक किंवा अनेक प्रवाहांचा. स्टेनो यांचा नियम इथेही लागू आहे, खालचा प्रवाह आधीचा आहे. पण यवतच्या डोंगरातला एखादा प्रवाह सासवडच्या किंवा शिरूरच्या कोणत्या प्रवाहाशी जुळतो, हे ठरवायला स्मिथ यांचे साधन इथे उपलब्ध नाही. एका काळ्या पाषाणासारखाच दुसरा काळा पाषाण असतो.

या प्रदेशाचे पहिले व्यवस्थित भूवर्णन करणारे इंग्रज म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२). पेशवाईच्या शेवटच्या युद्धात ते इंग्रजांच्या देशी पलटणीबरोबर पुण्याच्या परिसरात होते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. त्या निमित्ताने पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड हा मुलूख त्यांनी पायाखाली घातला. शेतसारा, पिके, हवामान, पक्षी, भीमा आणि मुळा-मुठेतील मासे यांच्या नोंदींबरोबर त्यांनी खडकांच्याही नोंदी केल्या. स्मिथ यांना पदक मिळाले त्या वर्षी ते मायदेशी परतले आणि १८३६ मध्ये त्याच जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या एका भागावरील त्यांचा प्रबंध छापला गेला. प्रचंड विस्तारावर जवळजवळ सपाट पसरलेले थर, कड्यांचे टप्पे, स्तंभाकार बेसाल्ट, तांबड्या मातीचे पट्टे हे त्यांनी नेमके टिपले. साइक्स यांच्याकडे निरीक्षण कमी नव्हते. त्यांना थर दिसत होते, ते लांबवर जातात हेही दिसत होते. पण त्या थरांना काळाच्या पट्टीवर बसवण्याचा कोणताही उपाय त्यांच्या हाती नव्हता. जीवाश्म नसलेल्या प्रदेशात स्मिथ यांच्या काळातील सर्वोत्तम भूशास्त्रही इतकेच करू शकत होते.

उपाय पूर्वेकडून आला. मद्रास सैन्यातील वैद्य जॉन ग्रँट माल्कमसन यांनी बेसाल्टच्या पूर्व भागात लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये अडकलेले गाळाचे पातळ थर पाहिले आणि त्यांत गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडल्याचे १८४० च्या प्रबंधात सांगितले. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात लाव्ह्यावर तळी साचली, त्यांत जीव वाढले आणि पुढच्या प्रवाहाने ती गाडली. दख्खनच्या या लाव्ह्याला ट्रॅप म्हणतात, म्हणून या थरांना अंतरा-ट्रॅपी थर असे नाव आहे. मुंबईतही वरळीच्या अशाच थरांत लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले.

पुढे नागपूरजवळ टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन स्कॉटिश मिशनऱ्यांना असा थर सापडला. हिस्लॉप यांनी नंतरची अनेक वर्षे शाळा आणि धर्मप्रसार यांतून उरलेला वेळ या कामाला दिला. शंख, अश्मीभूत लाकूड, फळे, बिया, माशांचे खवले, कीटकांची पंखकवचे असा ऐवज त्यांनी जमवला आणि तो थराच्या नोंदीसह लंडनला पाठवला. चंद्रपूर भागातील पिसदुरा येथून डायनोसॉरची हाडेही त्यांच्याच काळात बाहेर आली. ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटहून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. महाराष्ट्रातील जीवाश्मविज्ञानाचा खरा आरंभ हिस्लॉप यांच्यापाशी मानावा लागतो. माल्कमसन यांनी थर दाखवला, पण जीवाश्म, वरचा खडक आणि खालचा खडक या तिन्हींचा एकत्र विचार सातत्याने केला तो हिस्लॉप यांनी.

आणि तरीही काळाच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष टिकला नाही. आंध्रातील राजमहेंद्री येथील अशाच थरांतल्या सागरी शंखांची युरोपातील नमुन्यांशी तुलना करून त्यांनी १८६० मध्ये हे थर नवजीव महाकल्पाच्या आरंभीचे, म्हणजे डायनोसॉरच्या ऱ्हासानंतरचे ठरवले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी नर्मदाखोऱ्यात ट्रॅपच्या खाली असलेल्या बाघ येथील सागरी थरांकडे बोट दाखवले. ते क्रिटेशस, म्हणजे मध्यजीव महाकल्पाच्या शेवटच्या काळातील होते, आणि ट्रॅप त्यांच्या लगेच वर. म्हणून लाव्हाही क्रिटेशसच्या अखेरचा, असे त्यांचे म्हणणे. १९३४ मध्ये वनस्पतिजीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानी यांनी पाम, अझोला इत्यादी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून पुन्हा नवजीव काळाची बाजू मांडली. शंभर वर्षे चाललेल्या या वादात कुणी निष्काळजी नव्हते. अडचण पद्धतीच्या एका गृहीतकात होती. सॉमरसेटमधला अॅमोनाइट समुद्रातून दूरवर पसरतो आणि थोड्या काळात नामशेष होतो, म्हणून तो काळाची चांगली खूण ठरतो. तळ्यातली गोगलगाय यांपैकी काहीच करत नाही. तिचा वंश दीर्घकाळ जवळपास तसाच राहतो आणि ती तिच्या तळ्यापुरती असते. शिवाय त्या वेळी भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धातून उत्तरेकडे एकटा सरकत होता. त्याच्या जीवसृष्टीची युरोपशी तुलना करून तारीख काढणे हा मार्गच डळमळीत होता.

भारत सरकत होता हे समजले तेही याच काळ्या पाषाणामुळे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टमधील ही दिशा मोजून दाखवले, की हा लाव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थिजला होता. खंड सरकतात यावर भूशास्त्रज्ञांचा विश्वास बसण्यापूर्वीच्या काळातला हा महत्त्वाचा पुरावा. शंखापेक्षा दगडातले लोह इथे अधिक बोलके ठरले.

प्रवाह ओळखण्याचा प्रश्नही असाच सुटला. पश्चिम घाटातील काही प्रवाहांत फेल्स्पारचे बोटाएवढे मोठे स्फटिक दिसतात. अशा प्रवाहांचा खूण म्हणून उपयोग करता येतो हे करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणले. १९८० च्या दशकात मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि परदेशी सहकारी यांनी प्रत्येक प्रवाहसमूहाचे रासायनिक घटक मोजले. डोळ्यांना एकसारखे दिसणारे पाषाण टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम यांच्या प्रमाणांवरून वेगळे झाले. तीन किलोमीटर जाडीच्या या राशीची विभागणी झाली आणि तिच्या भागांना घाटांतलीच नावे मिळाली : जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. स्मिथ यांनी अॅमोनाइटकडून जे काम घेतले, तेच इथे मूलद्रव्यांकडून घेतले गेले. म्हणून स्मिथ यांचा वारसा जीवाश्मांपुरता समजणे अपुरे आहे. एका थराची अशी खूण शोधायची जी दुसऱ्यात नाही, आणि ती खूण हातात घेऊन मुलूख चालायचा, हा त्यांचा मूळ विचार. जीवाश्म नसलेल्या देशातही तो खरा ठरला.

वर्षांचा हिशेब किरणोत्सारी मूलद्रव्यांनी दिला. १९८० च्या दशकातील आर्गॉन मापनांनी उद्रेकांचा मुख्य काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ठरवला. अलीकडे तांबड्या पट्ट्यांत राखेबरोबर पडलेले झिरकॉनचे बारीक स्फटिक वेगळे काढून युरेनियम-शिसे पद्धतीने अधिक नेमक्या तारखा मिळाल्या. उद्रेकांचा बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत आटोपला आणि क्रिटेशसची अखेर त्याच्या मधेच पडते. अंतरा-ट्रॅपी थरांत डायनोसॉरचे दात आणि अंड्यांची कवचे मिळाली, तेव्हा जीवाश्मांनीही तेच सांगितले. हिस्लॉप आणि ब्लॅनफर्ड हे दोघे ज्या सीमारेषेच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालत होते, ती रेषा या लाव्ह्याच्या पोटातूनच जाते.

पाषाणात जीवाश्म नसले तरी केडगाव परिसर त्यांना पारखा नाही. पाषाणावर नद्यांचा जुना गाळ आहे. मुळा-मुठा केडगावच्या उत्तरेला भीमेला मिळते, पुढे घोड येऊन मिळते. या नद्यांच्या काठावरील उभ्या दरडींत गोटे, वाळू आणि पिवळसर माती यांचे थर एकावर एक दिसतात. ते प्लाइस्टोसीन काळातले, म्हणजे बेसाल्टच्या मानाने अगदी अलीकडचे. दख्खनच्या नद्यांतील अशा गाळाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले होते. रॉबर्ट ब्रूस फूट हे इंग्रज भूशास्त्रज्ञ दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या सीमाभागात काम करत असताना त्यांना बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ गेंड्याची हाडे मिळाली आणि १८७४ मध्ये त्यांनी ती वेगळी जात म्हणून दख्खनच्या नावाने नोंदवली. शिरूर तालुक्यात घोडेकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. त्याच परिसरातील नदीच्या जुन्या गाळात त्या वसाहतीहून कितीतरी आधीच्या प्राण्यांचे अवशेष मिळाले आणि जी. एल. बदाम यांनी अशा अवशेषांचा अभ्यास केला. दख्खनच्या खोऱ्यांतून रानबैल, हत्ती, पाणघोडा यांची हाडे नोंदली गेली आहेत. आज उसाने भरलेल्या या काठांवर एके काळी बारमाही पाण्याची डबकी आणि विस्तीर्ण कुरणे होती, हे या हाडांवरूनच कळते.

या गाळाचे वय ठरवतानाही सगळा भार थरावरच येतो. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे १९८० च्या दशकात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. कुकडी पुढे घोडेला मिळते, म्हणून इथे ठरलेली तारीख खालच्या खोऱ्यालाही उपयोगी. त्या थराच्या सान्निध्यात अश्युलियन म्हणजे आदिम पाषाणयुगीन पद्धतीची दगडी हत्यारे आहेत. राखेचे रासायनिक घटक सुमात्रामधील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाशी जुळतात, असे काही अभ्यासकांचे मत. इतरांच्या मापनांतून ती कित्येक लाख वर्षे जुनी ठरली. राख जिथे पडली तिथेच आहे की पाण्याने वाहून दुसऱ्या थरात आली, हत्यारे तिच्याच काळातली की जुन्या गाळातून सुटून आलेली, यावर सगळा निवाडा अवलंबून आहे. प्रयोगशाळेतील यंत्र कितीही अचूक असले तरी हा प्रश्न नदीच्या दरडीसमोर उभे राहूनच सोडवावा लागतो.

म्हणूनच भीमा आणि घोडेच्या पात्रांतील वाळूउपशाचे नुकसान पाण्यापुरते आणि काठापुरते नाही. यंत्राने उपसलेल्या वाळूत हाड आले तर ते ढिगाऱ्यावर पडते, क्वचित एखाद्या घरी किंवा शाळेत जपूनही ठेवले जाते. ते गेंड्याचे की बैलाचे, हे दातांच्या आणि सांध्यांच्या रचनेवरून तज्ज्ञ सांगू शकतो. ते कोणत्या थरातले, हे कुणीच सांगू शकत नाही. हाडाला चिकटलेली माती किंवा खडे धुतले नसतील तर त्यांवरून थोडा अंदाज येतो. जमिनीतील पाण्यातून हाडात शिरलेल्या फ्लोरिनचे प्रमाण मोजून एकाच ठिकाणची दोन हाडे समकालीन आहेत का हे तपासता येते आणि ही पद्धत डेक्कन कॉलेजातही वापरली गेली आहे. तीही तुलनात्मकच असते, आणि तुलनेसाठी निदान एक हाड तरी जागच्या थरातून निघालेले लागते. असे हाड पात्रातल्या वाळूत मिळणे कठीण. ते मिळते अजून न ढासळलेल्या दरडीत, गोट्यांच्या थरात रुतलेले, आणि तिथून काढण्यापूर्वी त्याची खोली, वरचा थर आणि खालचा थर लिहून घेतलेला असेल तरच ते तुलनेला चालते.